भूर्जांच्या नावाची जमीन

आयर्लंडच्या वायव्येला, मेयो परगण्याच्या उत्तर टोकाला, अटलांटिक महासागराची आणि जमिनीची गाठ थेट कड्यावरच पडते. मधे पुळण नाही, खाजण नाही, लाटांना दम खायला जागा नाही. वालुकाश्म, शेल आणि चुनखडी यांचे आडवे थर एकावर एक चढत शंभर मीटरांच्या वर जातात आणि तिथे एकाएकी संपतात. थरांच्या कंगोऱ्यांवर फुलमार आणि किटिवेक हे समुद्रपक्षी दाटीवाटीने बसलेले असतात. माथ्यावर मात्र वेगळंच जग लागतं. तपकिरी, ओलं, उघडं. हेदरची गुडघाभर झुडपं, शेवाळाच्या फुगीर गाद्या, वाऱ्यावर हलणारे कापूसगवताचे पांढरे गोंडे आणि डोक्यावर कुठेतरी न दिसणारा, पण न थांबणारा चंडोल.

या तपकिरी विस्ताराच्या एका तुकड्याचं नाव आहे बेही. बॅलीकॅसल गावाकडून पश्चिमेला बेलडेरिगकडे जाणारा किनारी रस्ता तो काही मिनिटांत मागे टाकतो. आयरिश भाषेत ‘बेह’ म्हणजे बर्चचं झाड, आणि बेही म्हणजे बर्चची जागा, बर्चवन. आपण म्हणतो, नावालासुद्धा झाड नाही. बेहीत त्याच्या बरोबर उलट आहे. इथे झाड आहे ते फक्त नावालाच.

बर्च आपल्याला अगदीच परका नाही. हिमालयातला भूर्ज तो हाच, निदान याच कुळातला. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याचं शास्त्रीय नाव बेटुला युटिलिस. त्यातला ‘बेटुला’ लॅटिनने गॉलमधल्या केल्टिक लोकांकडून उचलला. म्हणजे आयरिश ‘बेह’चा तो सख्खा चुलतभाऊ. हिमालयातल्या भूर्जाच्या कपाळी वनस्पतिशास्त्राने लिहिलेला शब्द आणि मेयोतल्या एका उजाड माळाचं नाव एकाच मुळातून फुटलेले आहेत. आयरिश लोकांनी दगडांच्या कडांवर रेघा कोरून जी पहिली लिपी घडवली, त्या ओगमचं पहिलं अक्षरसुद्धा बेहच. मुळाक्षरांची सुरुवात झाडाने करणाऱ्या लोकांनी आपल्या जमिनींनाही झाडांची नावं द्यावीत, यात नवल नाही.

आणि तशी ती दिलीही आहेत, मुबलक. डेरी शहराचं नाव ओकच्या राईवरून पडलं, न्यूरीचं यू वृक्षावरून. खुद्द मेयो म्हणजे यू वृक्षांचं मैदान. हेझल, अल्डर, हॉली, हॉथॉर्न ही सगळी मंडळी आयर्लंडच्या नकाशावर जागोजाग उभी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या देशात जंगल उरलं होतं ते जेमतेम एक-दीड टक्का जमिनीवर. शेती, जहाजं, पिंपं, लोखंडाच्या भट्ट्या आणि जमिनीचे बदलते मालक यांनी राई संपवल्या. नावांना कुऱ्हाड लागली नाही, एवढंच.

बेही ज्याला म्हणायचं तो जमिनीचा तुकडा म्हणजे टाउनलँड. शब्दातल्या ‘टाउन’ने फसू नये. तिथे शहर सोडाच, पुष्कळदा वस्तीही नसते, असली तर विखुरलेली चार-दोन घरं. आयर्लंडभर असे साठ हजारांहून जास्त तुकडे आहेत, आणि प्रत्येकाला नाव आहे. सरासरी काढली तर एकेक सव्वातीनशे एकरांच्या आसपास भरतो. पण सरासरी इथे काही सांगत नाही. एखादा टाउनलँड पुरता एकरभरही नाही, तर एखादा सात हजार एकरांचा. याला कारण आहे. हे तुकडे साखळी टाकून पाडलेले नाहीत. ही जमीन किती गुरं पोसेल, किती नांगरट देईल, या हिशेबाने ते ठरत गेले. कसदार खोऱ्यात टाउनलँड लहान, दलदलीत आणि डोंगरात मोठा. पैकी पुष्कळांच्या सीमा बाराव्या शतकात नॉर्मन आले त्याच्याही आधीच्या मानल्या जातात. ओढा, बांध, कड्याची धार, पाण्याची वाट, जिथे जमिनीने स्वतः रेघ मारली होती तिथेच माणसांनी हद्द मानली. मला या व्यवस्थेचं मोठं अप्रूप वाटतं. माप ठरवताना जमिनीलाच विचारण्याची ही रीत आज कुठल्या कचेरीत सापडेल?

बेहीच्या हद्दीला लागून ग्लेनउल्रा आहे. ग्लेन म्हणजे दरी, आणि ग्लेनउल्राचा अर्थ गरुडांची दरी असा सांगतात. थोडं पुढे बॅलीनॉक, टेकडीवरची वस्ती. पूर्वेला डाउनपॅट्रिक हेड नावाचं भूशिर आहे. त्याच्यासमोर समुद्रात एक खडक एकटाच उभा आहे, डोक्यावर गवताची टोपी घेऊन. त्याला डून ब्रिश्ते म्हणतात, मोडलेला किल्ला. सेंट पॅट्रिकने क्रोम डूव नावाच्या अधर्मी सरदाराला शासन करण्यासाठी आपली काठी जमिनीवर आपटली आणि खडक तुटून वेगळा झाला, अशी तिथली कथा. जागांची नावं कशी पडली हे सांगणाऱ्या गोष्टींची जुन्या आयरिश वाङ्मयात एक स्वतंत्र शाखाच आहे, दिनशनखस. कवी होऊ पाहणाऱ्याला ती पाठ करावी लागे. प्रत्येक टेकडी, पाणवठा, उतार यांच्यामागे कुणाचं मरण, कुणाचं प्रेम, कुणाची धाव आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कवी कसा म्हणायचा, असा त्या लोकांचा रोकडा हिशेब होता.

बेहीची खरी गोष्ट मात्र कुठल्याच दिनशनखसमध्ये नव्हती. ती जमिनीखाली होती.

या किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या दलदलीतलं पीट कापून, वाळवून, चुलीत जाळत आले आहेत. तिथे त्याला टर्फ म्हणतात. ते कापायचं अवजार म्हणजे श्लान. लाकडी दांड्याचं, पात्याला एका बाजूने पंख फुटलेलं अरुंद फावडं. वसंतात विटांसारखे तुकडे काढायचे, पसरायचे, मग पाच-सहा एकमेकांना टेकवून उभे करायचे, म्हणजे वारा आरपार जातो. 1930च्या दशकात बेलडेरिगचे शाळामास्तर पॅट्रिक कॉलफिल्ड यांच्या लक्षात आलं की टर्फ कापता कापता तळाला दगडांच्या राशी लागतात, आणि त्या राशी वेड्यावाकड्या नाहीत, रांगेत आहेत. दगड दलदलीच्या खाली, मूळ मातीवर बसलेले होते. म्हणजे दलदल तयार होण्यापूर्वी कुणीतरी ते रचले होते. मास्तरांनी ही गोष्ट डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला कळवली. पुढे पुष्कळ वर्षं तिथे काही हललं नाही. मास्तरांचा मुलगा शेमस हे सगळं ऐकत मोठा झाला, पुरातत्त्वज्ञ झाला आणि 1970च्या सुमारास वडिलांच्या दगडांपाशी परत आला.

चार-चार मीटर पीटखाली गाडलेल्या भिंती शोधायच्या कशा? सगळी दलदल उकरली तर शोधायचं काही उरणारच नाही. कॉलफिल्डनी तिथल्या शेतकऱ्यांचीच युक्ती घेतली. पीटमध्ये गाडलेली जुनी लाकडं हुडकायला ते लोक लांब लोखंडी सळी वापरत. सळी मऊ पीटमधून सहज खाली जाते आणि काही लागलं की हाताला कळतं. ठरावीक अंतरावर सळी खुपसत जायचं. ती खोल गेली तर खाली माती, मधेच खटकन अडली तर दगड. जिथे अडली तिथे बांबूची काठी रोवायची. दिवस मावळेपर्यंत माळावर बांबूंची रांग उभी राहायची आणि पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा बांध डोळ्यांना दिसू लागायचा.

असे बांध निघत गेले. समुद्राच्या कड्यापासून वर टेकडीकडे समांतर धावणाऱ्या लांबच लांब भिंती, त्यांना जोडणाऱ्या आडव्या भिंती, मधली शेतं, एकेका कुटुंबाची गोल आवारं, बेहीतच एक दगडी कबर. हजार हेक्टरांहून जास्त पसारा. आज त्याला केजे फील्ड्स म्हणतात. सपाट माथ्याची टेकडी म्हणजे केजे. हे बांध नवाश्मयुगीन असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. अलीकडे या काळगणनेला आव्हानही दिलं गेलं आहे. भिंती त्याहून पुष्कळ उशिराच्या, कांस्ययुगातल्या असाव्यात, असं त्यात म्हटलं आहे. वाद चालू राहील आणि राहावा. काहीही ठरलं तरी एवढं खरं की इथे एकदा हिरवी कुरणं होती, गुरं होती, आणि जमीन आपापसांत वाटून घेणारी माणसं होती. शेतांच्या आखणीत तटबंदी नाही. बांध आहेत ते गुरं अडवायला पुरतील एवढेच उंच.

मग ही कुरणं गेली कुठे? याचं उत्तर पावसात आहे, आणि थोडं माणसाच्या हातातही. या माणसांनी पाइन, बर्च, हेझल तोडून माळ मोकळा केला. झाडं होती तोवर ती पाणी शोषून हवेत परत देत होती. ती गेल्यावर पाऊस सरळ मातीत मुरू लागला, मातीतला कस आणि लोह धुऊन खाली नेऊ लागला. खाली लोहाचा कठीण पापुद्रा धरला, पाणी वर साचलं. हवामानही ओलं होत गेलं. साचल्या पाण्यात स्फॅग्नम शेवाळ वाढलं, मेलं, पण कुजलं नाही, कारण त्या आंबट, प्राणवायूहीन पाण्यात कुजवणारे जीवच टिकत नाहीत. मेलेल्या शेवाळावर नवं शेवाळ. दुधावर साय धरावी तशी जमिनीवर ही काळी साय धरत गेली, आणि बांध, शेतं, चुली सगळं तिच्याखाली गेलं. मधे काही शतकं कोरडी आली असावीत, तेव्हा पीटवरच पाइनचं रान उगवलं. त्यातलाच सुमारे 4,300 वर्षांपूर्वीचा एक भलामोठा बुंधा आज केजे फील्ड्सच्या केंद्रात उभा आहे. 1993 साली उघडलेली ही इमारत पीटनेच लिंपल्यासारखी, त्रिकोणी, काचेच्या टोकाची आहे. त्या बुंध्याभोवती गोल फिरत वर जाता येतं आणि वर पोहोचलं की एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला माळ दिसतो. इमारती सहसा निसर्गावर आपलं म्हणणं लादतात. ही त्यातली नाही.

आता बेही या नावाकडे परत पाहिलं की त्याचं वय कळू लागतं. ज्या माणसांनी बांध घातले ती आयरिश बोलत नव्हती. आयरिश भाषा या बेटावर फार नंतर आली. त्या पहिल्या शेतकऱ्यांनी आपल्या शेतांना, ओढ्याला, या कड्याला काही ना काही म्हटलंच असेल, पण त्यातला एक शब्दही उरला नाही. त्यांचे दगड उरले, नावं गेली. पुढे आयरिश बोलणारे आले, त्यांना कुठल्यातरी आडोशाच्या घळीत बर्चची राई दिसली, त्यांनी जागेला बेही म्हटलं. मग ती राईही गेली, नाव उरलं. एकाच टाउनलँडमध्ये एका थरात वस्तू आहे आणि नाव नाही, दुसऱ्या थरात नाव आहे आणि वस्तू नाही. बेहीची जमीन मला पवित्र वाटते ती यासाठी. जाताना काय मागे ठेवायचं हे त्या माणसांपैकी कुणीच ठरवलं नव्हतं. पीटने दगड ठेवले, माणसांच्या जिभेने झाड ठेवलं.

जिभेवरचं हे नाव कागदावर आलं ते सरकारी मोजणीमुळे. सतराव्या शतकात इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या शिपायांना आयरिश जमिनी वाटायच्या होत्या, म्हणून विल्यम पेटीने देश मोजला. 1824 साली पुन्हा मोजणी सुरू झाली, या वेळी कर बसवायला. थॉमस कोल्बी या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली सगळं आयर्लंड मैलाला सहा इंच या प्रमाणात उतरवलं गेलं, टाउनलँडच्या हद्दींसकट. पायारेषा मोजायला कोल्बीने पितळ आणि लोखंड यांच्या जोडसळ्या बनवल्या. उष्णतेने एक धातू वाढला तरी दुसरा त्याची भरपाई करतो. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट 1829 साली आयर्लंडमध्ये हे काम पाहायला गेला आणि तशाच सळ्या इकडे घेऊन आला. कलकत्ता, डेहराडून आणि बिदरच्या पायारेषा त्यांनीच मोजल्या गेल्या. मराठवाड्याच्या उंबरठ्यावरची मोजणी आणि मेयोतली मोजणी, दोन्हींत एकाच कारागिरीची अवजारं होती.

नावांचं काम जॉन ओडोनोव्हन यांच्याकडे आलं. जन्म 1806, किल्केनीतल्या शेतकरी घरातला, आयरिश मातृभाषेसारखी येणारा, जुन्या हस्तलिखितांत मुरलेला माणूस. 1838 साली तो मेयोत हिंडत होता. रीत अशी की प्रत्येक टाउनलँडचं नाव जुन्या कागदांत कसकसं लिहिलंय ते पाहायचं, मग त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला गाठून तो ते कसं उच्चारतो ते कान देऊन ऐकायचं, आयरिश रूप आणि अर्थ वहीत टिपायचा, आणि शेवटी नकाशासाठी इंग्रजी लिपीतलं एक रूप ठरवायचं. या शेवटच्या पायरीचा राग आयर्लंडमध्ये आजही आहे. ब्रायन फ्रीएलचं 1980 सालचं ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक याच मोजणीवर उभं आहे. नाटक मोठं आहे, त्यातलं दुःखही खरं आहे. तरी मला ओडोनोव्हनला गुन्हेगारांच्या रांगेत उभं करवत नाही. तो मेयोतून गेला आणि सात वर्षांनी बटाट्यावर रोग पडला.

1841 साली मेयोत सुमारे 3 लाख 89 हजार माणसं होती. 1851 साली पावणेतीन लाखांच्या आत. उरलेली उपासमारीने, तापाने गेली, किंवा अमेरिकेच्या जहाजांवर चढली. जे म्हातारे ओडोनोव्हनला ‘बेही’ म्हणून दाखवू शकले असते ते आणि ज्यांना ते ऐकून पाठ झालं असतं अशी पोरं, दोन्ही. त्यानंतर आयरिश भाषाही घराघरातून ओसरत गेली. वहीत टिपलेलं नसतं तर आज बेही हा नुसता दोन अक्षरांचा ध्वनी राहिला असता, अर्थाविना. इंग्रजी रूपाने नावाचे कपडे बदलले हे खरंच. पण आतलं झाड ज्याने लिहून ठेवलं तोही तोच माणूस होता.

गेल्या काही दशकांत नावांना पुन्हा भाव आला आहे. उत्तर आयर्लंडमध्ये 1970च्या दशकात टपालखात्याने रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक यांचा आग्रह धरला, तेव्हा खेड्यांतून लोकांनी टाउनलँडच्या नावांसाठी चळवळ केली. फर्माना परगण्याने तर ती नावं पत्त्यात टिकवून दाखवली. मीथ आणि लाउथ परगण्यांत स्वयंसेवकांनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन टाउनलँडहूनही लहान नावं, एकेका शेताची नावं, गोळा केली. यातली पुष्कळ कुठल्याच नकाशावर नव्हती.

झाडांचं म्हणाल तर आयर्लंडमध्ये आज लावलेलं जंगल वाढलं आहे, पण त्यात परदेशी सिटका स्प्रूसच्या रांगाच फार. त्याने बेहीचं बेहीपण परत येत नाही, आणि माळावरच्या पीटला तर ती लागवड घातकच. ग्लेनउल्राच्या नावातल्या गरुडांचं नशीब त्या मानाने बरं. समुद्रगरुड आयर्लंडमधून विसाव्या शतकाच्या आरंभी नाहीसे झाले होते. बंदुकीने आणि विषाने. 2007पासून पाच वर्षं नॉर्वेतून आणलेली पिल्लं किलार्नीत मोकळी सोडली गेली आणि 2013 साली शॅनन नदीवरच्या लॉख डर्ग सरोवराकाठी आयर्लंडमध्ये जन्मलेल्या पिल्लांनी घरट्यातून उड्डाण केलं. शंभर वर्षांत पहिल्यांदा.

कधी तिकडे गेलात तर मे-जूनमध्ये जा. तेव्हा कापूसगवत फुललेलं असतं, दवबिंदू नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती लाल पानं पसरून बसलेली असते, चंडोल गात असतो. हिवाळ्यात केंद्र बंद असतं. आणि माळावर टाकलेली वाट सोडून खाली उतरू नका. तिथल्या पीटला एक मिलिमीटर वाढायला साधारण एक वर्ष लागतं.